एक रुग्ण, एक केसपेपर: आरोग्यमंत्र्यांना बेळगाव सीमाभागातून खुलं पत्र

प्रति,
माननीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, कर्नाटक सरकार,
आणि हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावात येणारे सर्व सन्माननीय आमदार.

सविनय नमस्कार.

दरवर्षी डिसेंबरात सरकार बेळगावला येतं. हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधात दिवे लागतात, हायवेवर पोलीस उभे राहतात, आणि शेतकरी, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी आपापले तंबू ठोकून निदर्शनं करतात. आमच्यासारख्या सांध्यांच्या आजाराच्या माणसांचा तंबू तिथे दिसत नाही. डिसेंबरच्या थंडीत सकाळी तिथे पोहोचायचं तर पहाटे उठून आधी बोटं गरम पाण्यात धरून मोकळी करावी लागतात. शिवाय घोषणा द्यायला मूठ वळावी लागते. आमची वळत नाही. म्हणून पत्र.

मी खानापूर तालुक्यातली, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करणारी बाई. हे पत्र सीमाप्रश्नावर नाही, हे आधीच सांगते, कारण इथून मराठीत पत्र आलं की तेच असणार असं धरलं जातं. तो दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथे त्याचं काय व्हायचं ते होईल. माझ्या सांध्यांचा प्रश्न कुठल्याच कोर्टात नाही. तो थेट आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतो.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. गावात सगळ्यालाच 'वात' म्हणतात, आणि वात म्हटलं की म्हातारपणाचं दुखणं. मला तो ऐन पस्तिशीत झाला. वयाने गुडघा झिजतो ते वेगळं. इथे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते, तिथे सूज धरते आणि उपचार लांबले की हाड कुरतडायला लागते. जोडीला शोग्रेन आहे. अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर तोच हल्ला. डोळे कोरडे पडून चुरचुरतात, आणि ज्वारीची भाकरी आमटीत पूर्ण भिजवल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. थायरॉइड तर या दोघांच्याही आधी बिघडला होता, तोही याच जातीच्या आजाराने. मग एका उन्हाळ्यात गालांवर लाल चट्टे उठले, तोंडात व्रण झाले, लघवीतून प्रथिनं जाऊ लागली आणि रक्तात ल्युपसच्या खुणा सापडल्या; हाही शरीर स्वतःवर उठण्याचाच आजार, पण कातडीपासून मूत्रपिंडापर्यंत कुठेही जाणारा. असे आजार एकमेकांत मिसळले की डॉक्टर याला ओव्हरलॅप म्हणतात. आमच्या साहेबांना रजेच्या अर्जात हे कसं लिहायचं ते अजून जमलेलं नाही. अर्जात आजाराच्या नावासाठी एकच ओळ आहे.

हे माझं एकटीचं नशीब नव्हे. शरीराने एकदा स्वतःवर हत्यार उचललं की ते एका जागी थांबेलच असं नाही. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांत कोरडे डोळे आणि थायरॉइड अनेकदा आढळतात. ल्युपस, स्नायूंची सूज आणि कातडी कडक करणारा स्क्लेरोडर्मा यांची लक्षणं एकाच माणसात दिसतात, त्या प्रकाराला १९७२ साली 'मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज' असं स्वतंत्र नाव दिलं गेलं. वैद्यकशास्त्राने ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केली. आपल्या ओपीडीच्या खिडक्यांनी केली नाही.

निपाणीकडचा एक तरुण ओळखीचा आहे, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. पहाटे त्याची कंबर आखडायची आणि काम सुरू केलं की मोकळी व्हायची. लोक म्हणाले, वजन उचलून कंबर भरली असणार. पण भरलेली कंबर विश्रांतीने सुटते, याची विश्रांतीने जास्त धरायची. मधूनच एक डोळा लालबुंद व्हायचा, त्यासाठी डोळ्यांचे डॉक्टर. कोपरांवर खपल्या, त्यासाठी कातडीचे डॉक्टर. कंबरेसाठी हाडांचे डॉक्टर. तिघांनीही आपापल्या जागी बरोबर औषध दिलं. सोरायसिस, डोळ्याच्या आतली सूज आणि मणक्याची सूज ही एकाच आजाराची अंगं आहेत, हे कळायला काही वर्षं गेली. तोवर त्याची मान वळायची थांबली होती. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या कधी एका टेबलावर आल्याच नाहीत.

माझं सगळं म्हणणं त्या एका टेबलापुरतं आहे.

दोन आजार म्हणजे दुप्पट दुखणं, असं लोकांना वाटतं. दुप्पट दुखणं सोसता येतं, आम्ही सोसतोच. खरी अडचण पुढे आहे: एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला नडतं. सांध्यांची सूज गोळ्यांना दाद देत नाही तेव्हा टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं देतात, आणि ऱ्हुमॅटॉइडला ती छान लागू पडतात. पण काही रुग्णांत त्याच इंजेक्शनांमुळे ल्युपससारखा आजार उभा राहतो, म्हणून ज्याला ल्युपस आधीच आहे त्याच्या बाबतीत जाणता डॉक्टर दहादा विचार करतो. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे पायाचं औषध, पण सोरायसिस असलेल्या काहींची कातडी त्याने आणखी चिघळते. सोरायसिसच्या माणसाला कुणी स्टेरॉइड दिलं आणि एकदम थांबवलं, तर सोरायसिस उसळून अंगभर पसरू शकतो. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या ऱ्हुमॅटॉइडच्या माणसाला दिवस काढायला मदत करतात. ल्युपसने मूत्रपिंडाला हात घातला असेल तर त्याच गोळ्या उरलेलं मूत्रपिंड खातात.

यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात धोक्याचं उदाहरण तर आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहे. मेथोट्रेक्सेट ही ऱ्हुमॅटॉइडची मुख्य गोळी चालू असलेल्या बाईला लघवीची जळजळ झाली, ती जवळच्या केंद्रात गेली आणि तिथे तिला सल्फाची गोळी दिली, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, तर तिच्या रक्तपेशी इतक्या घसरू शकतात की जिवावर बेतावं. ल्युपस असेल तर सल्फाने त्याचाही भडका उडू शकतो. कोट्रायमॉक्साझोल हे चांगलं, स्वस्त, गरजेचं औषध आहे. देणाऱ्या डॉक्टरचाही दोष नाही. त्याच्यासमोर रोग्याची दुसरी चिठ्ठी नसते आणि रोग्याला ती दाखवायची असते हे कुणी सांगितलेलं नसतं.

लग्न ठरलेल्या मुलींचं तर विचारूच नका. सांध्यांचा आजार आहे म्हटल्यावर सोयरीक मोडेल, म्हणून घरचे तो लपवतात, आणि गोळ्या माहेरच्या कपाटात राहतात. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक, ते दिवस राहण्याच्या काही महिने आधीच बंद करायचं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र बंद करायचं नसतं, गरोदरपणातही ते चालू ठेवतात आणि ल्युपसच्या बाईला त्याचाच आधार असतो. मुलीला सांगितलं जातं, 'पोटुशी आहेस, सगळ्या गोळ्या बंद कर.' नेमकी चुकीची गोळी चालू राहून गेलेली असते आणि नेमकी बरोबरची बंद होते. शोग्रेन किंवा ल्युपस असलेल्या काही बायकांच्या रक्तात रो नावाचं प्रतिपिंड असतं. त्यामुळे क्वचित पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळाचं हृदय तपासत राहिलं तर ते वेळेवर लक्षात येतं. आता आमच्याकडच्या मुली चंदगड, गडहिंग्लज, कागलला दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. नातीगोती दोन्ही राज्यांत, बाळंतपण माहेरी, आजाराची फाईल मात्र ज्या राज्यात काढली त्याच राज्यातल्या कपाटात.

फाईलवरून आठवलं. आमच्या पतसंस्थेत एका माणसाचं बचत खातं असतं, ठेव असते, कर्ज असतं, कुणाला तो जामीन असतो. खाती चार असली तरी सभासद क्रमांक एकच, आणि तो टाकला की चारही खाती एका पडद्यावर येतात. छोट्या गावातल्या पतसंस्थेला हे जमतं. आपल्याकडेही आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवायचा चौदा आकड्यांचा आभा क्रमांक आहे, माझाही काढलेला आहे. त्यावर माझी एकही चिठ्ठी चढलेली नाही. मी चिठ्ठ्या कापडी पिशवीत ठेवते. पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकची पिशवी येते, कारण जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातला पाऊस आपल्याला ठाऊकच असेल.

किती माणसांचा हा प्रश्न, असं सभागृहात कुणीतरी विचारेल म्हणून हिशेब मांडते, तेवढं माझं काम आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने घरोघर फिरून सांध्यांच्या आजारांची पाहणी झाली. प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का लोकांना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांवर होती. त्यातले प्रौढ तीस लाख धरले आणि भिगवणचंच प्रमाण लावलं, तर फक्त या एका आजाराचे पंधरा हजार लोक या एका जिल्ह्यात होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, सरकारी आकडा नव्हे. त्यात ल्युपस नाही, मणक्याची सूज नाही, सोरायसिसचे सांधे नाहीत. ऱ्हुमॅटॉइड पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटीने जास्त होतो, आणि ल्युपसमध्ये दहातल्या नऊ रुग्ण बायकाच असतात. हे आजार आजवर कुणाच्या डोळ्यांत का आले नाहीत, याचं अर्धं उत्तर या ओळीत आहे, असं माझं मत.

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे. २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा देशात सर्वाधिक संशयित रुग्ण कर्नाटकात होते. गल्लीच्या गल्ली भिंत धरून चालत होती. तेव्हापासून इकडे कुणाचे सांधे सुजले की 'चिकनगुनिया अंगात राहिलाय' म्हणायची रीत पडली. काहींच्या अंगात तो खरंच रेंगाळतो, महिनोन् महिने सांधे दुखतात. पण त्या रांगेत ऱ्हुमॅटॉइडची बाईही गुपचूप उभी असते आणि तिलाही तेच ऐकवलं जातं. तिच्या आजाराला वेळ फार महत्त्वाची. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात. वर्ष-दोन वर्षं 'राहिलाय अंगात' म्हणत गेली की एक्स-रेवर हाडाचे कोपरे खाल्लेले दिसतात, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

वाट पाहणाऱ्या माणसाला आमच्याकडे पुडी मिळते. कुणीतरी गावाचं नाव सांगतं, तिथे अमुक वारी बसतात, पुडीवर नाव नाही, आत काय ते कुणी विचारत नाही. पहिल्या आठवड्यातच बाई ताडकन उठून पाटा-वरवंटा करायला लागते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. वर्षभरात चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. मग कुणीतरी 'ते बंद कर' म्हणतं आणि ती एका दिवसात बंद करते. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं, त्यामुळे बाई चक्कर येऊन पडते, रक्तदाब खाली जातो, कधीकधी दवाखान्यापर्यंतही पोहोचत नाही. पुडीवाल्यावर धाडी घाला, अवश्य घाला. पण तो बसतो कुठे ते पाहा: जिथून संधिवाततज्ज्ञ लांब आहे, तिथेच.

आता लांब म्हणजे किती, ते सांगते. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. तो कोल्हापूरला जाणार, नाहीतर मिरजेला. आम्ही खानापूरकर बेळगाव, हुबळी करतो. ज्याची ऐपत आहे तो पुण्याला जातो, आणि बेंगळुरू तर पाचशे किलोमीटर. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून आम्हा बायकांना बसचं तिकीट पडत नाही, त्याबद्दल मनापासून आभार, उपहासाने म्हणत नाही. पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. निपाणीची विडी वळणारी बाई फुकट जाऊ शकते ती लांबच्या दवाखान्यात, जवळच्या दवाखान्याला तिकीट. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. बोटं सुजली की हजार भरत नाहीत आणि प्रवासाच्या दिवशी तर शून्य. गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार येतात ते सांगतात घर चालवायला, ते जातात गोळ्या आणि रक्ततपासणीला.

योजनांचं एक गमतीशीर आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने हरकत घेतली. दोन सरकारं आमच्या तब्येतीवरून भांडली, असं भाग्य किती जणांना लाभतं! पण आमच्यासारख्यांना त्या भांडणात कुणीही जिंकलं असतं तरी फारसा फरक नव्हता. ती योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची, आणि आपली आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकही तशीच. आमचा आजार दाखल व्हायचा नाही. तो दर महिन्याच्या गोळ्यांचा, दर दोन-तीन महिन्यांनी यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी तपासण्याचा, वर्षाकाठी डोळ्यांचा पडदा पाहण्याचा आजार आहे. हे सगळं ओपीडीत होतं, म्हणजे खिशातून होतं. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं छत्र आहे, त्यात गुडघा आणि खुबा बदलायची शस्त्रक्रिया बसते. मेथोट्रेक्सेटची गोळी काही रुपयांची. ती वेळेवर नियमित मिळाली तर पुष्कळांचे गुडघे बदलावेच लागणार नाहीत. आमच्या पतसंस्थेत असा व्यवहार कुणी मांडला तर लेखापरीक्षक त्याच्यावर लाल शाईने शेरा मारेल.

आणि औषधं काही परदेशातून मागवायची नाहीत. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन तिन्ही आहेत. यादीत आहेत, तालुक्याच्या खिडकीवर विचारलं की 'बाहेरून घ्या'. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनावर चालेल म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव टीव्हीवर आलं, तेव्हा आमची रोजची गोळी दुकानांतून गायब झाली. त्याआधी आणि त्यानंतर त्या गोळीची चौकशी कुठल्याही सरकारने केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता दिव्यांग दाखल्याबद्दल, कारण तिथे माझा संताप जरा जास्त आहे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व आहे. त्यात आमच्या आजारांचं नाव नाही, म्हणून आम्ही हालचालींच्या अपंगत्वात बसतो. शिबिराच्या दिवशी डॉक्टर सांधा किती अंशात वळतो ते मोजतात, ताकद बघतात, टक्के काढतात. चाळीसच्या वर गेलात तर सवलती, खाली राहिलात तर कार्ड मिळतं पण त्याचा उपयोग थोडाच. आमचा आजार चढतो-उतरतो. मंगळवारी मला चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागतो आणि शुक्रवारी मी भराभर नोटा मोजते. शिबिर शुक्रवारी असलं तर मी धडधाकट. शिवाय शिबिराला जायचं म्हणून माणूस आदल्या रात्री दुखण्याची गोळी घेऊन झोपतो, नाहीतर तो तिथवर पोहोचणारच नाही, आणि पोहोचला की तपासणारे म्हणतात, 'चांगलं चालतंय की!' कोरडे डोळे, थकवा, सकाळचे दोन तास न उघडणारी बोटं, यातलं काहीच कोनमापकावर येत नाही. बँकेत माझी सही जुळत नाही म्हणून मला माझ्याच खात्यातले पैसे काढायला साक्षीदार लागला होता. ते कुठल्या टक्क्यात धरायचं?

भरल्या बसमध्ये वरची दांडी धरता न येणारी तरुण बाई राखीव जागेवर बसली की लोक तिच्याकडे कसे बघतात, ते कधी वेशांतर करून बघून यावं.

मागणं थोडं आहे. जिल्हा रुग्णालयात आणि सुरुवातीला खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातला एक ठरलेला दिवस सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उठण्याच्या, आजारांसाठी असावा. त्याच दिवशी, त्याच आवारात रक्त घेतलं जावं आणि महिन्याच्या गोळ्या मिळाव्यात. अँटी-सीसीपी, एएनए, एचएलए-बी२७ या आजार ओळखायच्या रक्ततपासण्या तालुक्याला होणार नाहीत हे मला समजतं, पण नमुना तिथे घेऊन पुढे पाठवता येतो. क्षयाचे नमुने पाठवताच की. डोळे, कातडी, मूत्रपिंड, बाळंतपण यांतल्या ज्या डॉक्टरकडे पाठवतील त्याचं उत्तर परत त्याच केसपेपरावर यावं. तीन महिन्यांहून जास्त सांधे सुजलेल्या कुठल्याही माणसाला, चिकुनगुनिया झालेला असो वा नसो, प्राथमिक केंद्राने या दिवसाकडे धाडावं. आशा कार्यकर्तीला त्यासाठी तीन प्रश्न शिकवले तरी पुरे: सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडतं का, सांधा सुजून ऊन लागतो का, विश्रांतीने वाढतं का.

आणि मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर कन्नड, मराठी आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत वाराचं नाव. आमच्या पतसंस्थेच्या एक खातेदार बाई आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी रोज घेत राहिल्या. चिठ्ठी इंग्रजीत होती, दुकानदाराने कन्नडमध्ये सांगितलं, सुनेने ऐकून घरी मराठीत सांगितलं. तोंड सोलून निघालं, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. वाचल्या. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण देशात कधीचं मान्य झालेलं आहे. पाट्यांवरून इथे पुष्कळ वाद झाले आणि होतील. गोळीच्या पाकिटावरून कुणी दगड मारणार नाही, याची हमी मी घेते.

संधिवाततज्ज्ञ आणायचे कुठून, हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतं. प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ मागत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मेडिसिन विभागातल्या एका डॉक्टरला या कामासाठी ठरवून प्रशिक्षण द्या, महिन्यातून एकदा बाहेरचा तज्ज्ञ बोलवा, आणि मधल्या आठवड्यांत ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून त्याचा सल्ला घ्या. ती व्यवस्था तयार आहे, सर्दी-खोकल्याला चालते, सांध्यांना चालायला हरकत नाही. मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एनसीडी क्लिनिकं उभी केलीतच. खोली तीच, वजनकाटा तोच, नर्सही तीच, दिवस फक्त वेगळा. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याशी बोलून कोल्हापूर-मिरजेच्या सरकारी दवाखान्यांची चिठ्ठी इकडे आणि इकडची तिकडे ग्राह्य धरता आली, तर निपाणी-कागवाडच्या लोकांची एक खेप वाचेल. पाण्याच्या वाटपावर दोन्ही राज्यांचे अधिकारी एका टेबलाला बसतात. चिठ्ठीसाठी बसायला काही अडचण नसावी.

अधिवेशनाच्या काळात आपल्यापैकी कुणाला सवड असेल तर एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात सकाळी साडेआठला, कुणाला न कळवता, केसपेपरच्या रांगेत उभं राहून पाहावं. 'सांधे दुखतात, डोळे कोरडे पडतात आणि अंगावर चट्टे आहेत' असं सांगावं, आणि कुठल्या खिडकीवर पाठवतात ते बघावं.

उत्तर कन्नडमध्ये पाठवलंत तरी चालेल, मला वाचता येतं आणि लिहिताही येतं. फक्त 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे' एवढंच नसावं, कारण आमचे संबंधित विभाग चार आहेत.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक रुग्ण

प्रत माहितीसाठी: आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य; जिल्हाधिकारी, बेळगाव; जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव